पाठीशी बांधलेले मूल : झाशीचे दामोदरराव

वाचकहो, झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा अश्वारूढ पुतळा आपण कोठे ना कोठे पाहिलेला असणारच. मागील पाय रोवून उभा राहिलेला घोडा, उपसलेली तलवार, आणि पाठीशी शेल्याने घट्ट बांधलेले एक लहान मूल. राणीचे चरित्र आपल्याला शाळेपासून पाठ आहे. परंतु त्या मुलाचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. पुतळ्यातील मूल वाढत नाही. झाशीचे मूल मात्र वाढले, संसारी झाले आणि १९०६ साली इंदुरात वारले. त्याचे नाव दामोदरराव गंगाधरराव नेवाळकर. त्याचे जीवन सांगायचे तर आधी त्याच्या घराण्याची वंशावळ उलगडावी लागते, कारण त्याच्याविषयी जो काही निवाडा झाला तो त्याच्या कोणत्याही कृत्यावरून झाला नाही, तर केवळ वंशावळीवरून झाला.

वंशावळी वाचावयास आपण कंटाळतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडला की पुष्कळ वाचक पहिल्या सतरा ओवींवरून भरभर पुढे सरकतात. पण ज्या समाजात जमीन, पद आणि नाव ही तिन्ही जन्मावर ठरत, तेथे वंशावळ हा अत्यंत व्यावहारिक दस्तऐवज असे. आपण कोणाचे, हे ज्याला सिद्ध करता येईल त्याचेच घर.

नेवाळकरांचे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातील. जातीने ते कऱ्हाडे ब्राह्मण. लांज्याजवळचे कोट हे त्यांचे गाव समजले जाते. पेशवाईच्या वाढत्या काळात कोकणातील अनेक घराणी घाट चढून देशावर आली, तशी हीही आली आणि खानदेशात पारोळ्यास स्थिरावली. आजच्या जळगाव जिल्ह्यातील पारोळ्याचा भुईकोट किल्ला १७२७ साली हरी सदाशिव दामोदर या जहागिरदारांनी बांधविला. यातील दामोदर हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. आजोबाचे नाव नातवाला देण्याच्या आपल्याकडील रिवाजामुळे ते या घराण्यात पुनःपुन्हा येते आणि शेवटी आपल्या कथानायकाच्या वाट्याला येते.

पारोळ्याहून झाशी हा फार मोठा टप्पा आहे. सातपुडा आणि विंध्य ओलांडून मराठी माणूस बुंदेलखंडात गेला कसा? १७२९ साली वृद्ध छत्रसाल बुंदेला मोहंमदखान बंगशाच्या वेढ्यात सापडला असता पहिले बाजीराव त्याच्या मदतीस धावून गेले. त्या उपकाराची फेड म्हणून छत्रसालाने आपल्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा पेशव्यांस दिला आणि त्यायोगे मराठ्यांचा त्या प्रांतात पाय रोवला गेला. झाशीचा किल्ला मुळात ओर्च्छ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ साली बांधलेला. १७४२ पासून तेथे नारो शंकर हे मराठी सुभेदार होते; त्यांनी किल्ला वाढविला आणि शहर वसविले. पुढे, १७७० च्या सुमारास, सुभेदारी रघुनाथ हरी नेवाळकर यांजकडे आली. झाशीच्या नेवाळकरांचे मूळ पुरुष म्हणावयाचे ते हेच. पुण्याहून शेकडो कोसांवर, परक्या भाषेच्या मुलखात त्यांनी पंचवीसेक वर्षे कारभार केला. आपल्या कुलदैवतासाठी, महालक्ष्मीसाठी, त्यांनी तेथे देऊळ बांधले. घरात मराठी, दरबारात फार्सी आणि बाजारात बुंदेली अशा तीन भाषांत या कुटुंबाचे आयुष्य चालले. आपल्यापैकी जे वाचक नोकरीनिमित्त भोपाळ, जबलपूर किंवा दिल्लीकडे स्थायिक झाले आहेत, त्यांना या घरगुती चित्राची ओळख वेगळी करून द्यावयास नको.

रघुनाथ हरींनंतर १७९६ च्या सुमारास कारभार त्यांचे धाकटे बंधू शिवरामभाऊ यांच्या हाती आला. शहराभोवतालचा मोठा कोट त्यांच्या काळातील. शिवरामभाऊंनी १८०४ साली इंग्रजांशी तह केला. त्यांचे नातू रामचंद्रराव गादीवर असता १८१७ साली दुसरा तह झाला. पेशव्यांचा बुंदेलखंडावरील हक्क इंग्रजांनी नुकताच घेतला होता. आता झाशीचा मुलूख रामचंद्ररावांकडे व त्यांच्या वारसांकडे वंशपरंपरेने राहील, असे कंपनी सरकारने लिहून दिले. १८३२ साली त्यांस राजा हा किताबही मिळाला. सुभेदाराचे घराणे अशा रीतीने राजाचे घराणे झाले. तथापि, आपण राजे आहोत असे या घराण्यास वाटत होते, तरी कलकत्त्याच्या दप्तरात ते पेशव्यांचे जुने नोकर म्हणूनच नोंदलेले होते. हा फरक पुढे फार महाग पडला.

रामचंद्रराव १८३५ साली निपुत्रिक वारले. बहिणीचा मुलगा कृष्णराव यास त्यांनी दत्तक घेतल्याचे सांगण्यात आले, पण इंग्रजांनी ते दत्तविधान न मानता चुलते रघुनाथराव यांस गादी दिली. १८३८ साली तेही वारले आणि त्यांचे बंधू गंगाधरराव राजे झाले. नाटकाचा शोक असलेले, ग्रंथ जमविणारे आणि काहीसे तापट म्हणून प्रसिद्ध असलेले हे राजे आपल्याला लक्ष्मीबाईंचे पती म्हणून ठाऊक आहेत. मोरोपंत तांबे यांची कन्या मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह १८४२ साली झाला. तांब्यांचे घराणेही असेच मूळ कोकणातले, पेशव्यांच्या आश्रयाने काशीस व तेथून ब्रह्मावर्तास गेलेले. दोन स्थलांतरित मराठी कुटुंबांची सोयरीक उत्तर हिंदुस्थानात झाली, ती अशी.

१८५१ साली या दांपत्यास पुत्र झाला. तो काही महिन्यांचा होऊन वारला. गंगाधररावांनी त्या दुःखाने अंथरूण धरले असे चरित्रकार सांगतात. १८५३ च्या नोव्हेंबरात अंतकाळ जवळ आल्याचे जाणून त्यांनी आपल्याच कुळातील वासुदेवराव नेवाळकर यांचा चार-पाच वर्षांचा मुलगा आनंदराव यास दत्तक घेतले. हा विधी २० नोव्हेंबर रोजी शास्त्रोक्त झाला आणि मेजर एलिस व कॅप्टन मार्टिन हे दोन इंग्रज अधिकारी तेथे उपस्थित होते. आनंदरावाचे नाव बदलून दामोदर ठेवण्यात आले. राजांनी एलिस यांच्या हाती खलिता दिला. या मुलावर कृपा असावी आणि राणीच्या हयातीत कारभार तिच्याकडे राहावा, अशी त्यात विनंती होती. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. मुलाला त्या दोन दिवसांत नवे नाव, नवा पिता, त्या पित्याचा मृत्यू आणि एक राज्य, एवढ्या गोष्टी मिळाल्या.

राज्य चार महिनेही टिकले नाही. लॉर्ड डलहौसी यांनी २७ फेब्रुवारी १८५४ रोजी झाशी खालसा करण्याचा निर्णय लिहिला. त्यांच्या युक्तिवादाचा आधार वंशावळच होती. झाशीचे राजे मूळचे पेशव्यांचे सुभेदार, म्हणजे मांडलिकांचेही मांडलिक. शिवरामभाऊंच्या वंशात औरस पुरुष उरला नाही. दत्तक मुलगा दूरच्या शाखेतला. आणि १८३५ साली दत्तक नाकारल्याचा दाखला हाताशी आहेच, असा तो निवाडा होता.

भाषांतराच्या कामात ज्याची वर्षे गेली आहेत अशा माणसाला या प्रकरणातील एक बाब विशेष खिळवून ठेवते. लक्ष्मीबाईंनी सरकारास जे खलिते पाठविले त्यांत त्यांनी केवळ दयेची याचना केली नाही. त्यांनी तहातील शब्दांकडे बोट दाखविले. १८१७ च्या तहात वारस आणि जानशीन असे दोन निरनिराळे फार्सी शब्द आले होते. वारस म्हणजे रक्ताचे व भाऊबंदकीचे हक्कदार. पण जानशीन म्हणजे औरस संतती नसता मागे बसविलेला, अर्थात दत्तक, असा त्यांचा अर्थ. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असता तर तह लिहिणाऱ्यांनी दोन्ही कशाला घातले असते, असा त्यांचा रोख होता. शेजारच्या दतिया, ओर्च्छा व जालौन येथे दत्तकांस मान्यता मिळाल्याचे दाखलेही त्यांनी दिले. वयाची विशी नुकतीच गाठलेली, किंवा तीही न गाठलेली, एक विधवा राजनीतीच्या कागदाचा इतका बारीक अर्थ करते, हे तिच्या तलवारीइतकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे. दोन शब्दांपैकी एक शब्द अनुवादात निष्प्रभ झाला की किती अनर्थ होतो, हे झाशीच्या खटल्यात दिसते. जॉन लँग नावाच्या वकिलाचाही सल्ला त्यांनी घेतला. उपयोग झाला नाही. राणीस दरमहा पाच हजार रुपये निवृत्तिवेतन ठरले आणि किल्ला सोडून त्यांना शहरातील वाड्यात यावे लागले.

याहून विचित्र गोष्ट पुढेच आहे. राज्याच्या बाबतीत हा मुलगा गंगाधररावांचा कोणी नाही असे ज्या सरकारने म्हटले, त्याच सरकारने खाजगी मालमत्तेच्या बाबतीत तो त्यांचा पुत्र आहे असे मान्य केले. राजांच्या खाजगी ठेव्यातील सुमारे सहा लाख रुपये दामोदर सज्ञान होईपर्यंत त्याच्या नावे सरकारात ठेवण्यात आले. त्याच्या मुंजीसाठी राणीने त्यातून एक लाख रुपये मागितले, तेव्हा जामीनदार घेऊन ते दिले गेले. एकच मूल, एकच विधी, एकच पिता. तिजोरीपुरते पुत्रत्व खरे आणि सिंहासनापुरते खोटे.

आपल्या वाचकांना येथे एक गोष्ट सहज आठवेल. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात, रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत, दत्तकपण हा शब्द आहे. पौलाच्या काळच्या रोमी कायद्यात दत्तक घेतलेला पुत्र हा सर्वार्थाने पुत्र असे. त्याला अर्धे पुत्रत्व नसे. आपल्या धर्मशास्त्रकारांनीही औरसाच्या अभावी दत्तकास त्याचे स्थान दिले होते. मराठी भाषांतरकारांना त्या ग्रीक शब्दासाठी नवा शब्द घडवावा लागला नाही, कारण या भूमीतील प्रत्येक घराला दत्तक म्हणजे काय हे ठाऊक होते. डलहौसी यांचा निर्णय लोकांच्या मनाला इतका का झोंबला, याचे एक कारण हेच असावे. मुलूख गेला एवढेच नव्हे, पुत्राला पुत्र म्हणण्याचे नाकारले गेले.

१८५७ च्या जूनमध्ये झाशीच्या पलटणी उठल्या. ८ जून रोजी किल्ल्यातून शरण येऊन बाहेर पडलेल्या सुमारे साठ युरोपियन व युरेशियन लोकांची, त्यांच्या बायकामुलांसह, जोखनबागेत कत्तल झाली. आपल्या मासिकाच्या वाचकांनी या घटनेवरून नजर वळवू नये आणि तिचा विपर्यासही करू नये. बळी पडलेल्यांत तान्ही मुले होती. ते कृत्य कोणत्याही न्यायाने समर्थनीय नव्हे. परंतु ते बंडखोर शिपायांनी केले. राणीने त्याची आज्ञा दिली असे सिद्ध करणारा भक्कम पुरावा नाही. पुढील इतिहासकारांपैकी सुरेंद्रनाथ सेन व रमेशचंद्र मजुमदार यांचेही मत तसेच पडले. कत्तलीनंतर काही आठवड्यांनी खुद्द कमिशनर अर्स्किन यांनी राणीस सरकारच्या वतीने जिल्ह्याचा कारभार पाहावयास सांगितले होते. तरीही जोखनबागेचा डाग तिच्या नावास चिकटला आणि त्याचे प्रायश्चित्त आठ वर्षांच्या मुलालाही भोगावे लागले.

त्याच महिन्यात घरातूनही एक दावेदार उठला. पारोळ्याच्या शाखेतील सदाशिवराव नारायण यांनी करेऱ्याचा किल्ला घेऊन स्वतःस झाशीचा राजा म्हणून जाहीर केले. वंशावळीत आपला हक्क दत्तकापेक्षा जवळचा, असे त्यांचे म्हणणे. राणीने सैन्य पाठवून त्यांचा बंदोबस्त केला व पुढे त्यांना पकडून कैदेत ठेवले. इंग्रजांशी लढण्यापूर्वी दामोदराच्या पुत्रत्वासाठी लक्ष्मीबाईंना लढावे लागले ते आपल्याच आडनावाच्या माणसाशी.

पुढचा भाग आपल्या परिचयाचा आहे. १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोज यांनी वेढा दिला, १ एप्रिलला तात्या टोपे बेतवेकाठी पराभूत झाले, ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले, आणि ४ च्या रात्री राणी दामोदरास घेऊन किल्ल्याबाहेर पडली. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले होते, ते या वेढ्यात झाशीतच अडकले. शहरात झालेला संहार व लूट यांचे त्यांनी केलेले वर्णन १९०७ साली चिं. वि. वैद्य यांनी प्रसिद्ध केले. राजवाड्यातील मोठ्या ग्रंथसंग्रहाची झालेली राखरांगोळी त्यांनी हळहळून नोंदविली आहे. मोरोपंत तांबे पकडले गेले व जोखनबागेतच त्यांना फाशी देण्यात आले. काल्पी पडली, ग्वाल्हेर पडले, आणि जूनच्या मध्यास कोटा-की-सराय येथे राणी धारातीर्थी पडली.

पुतळा येथे थांबतो. मुलगा मात्र जिवंत होता. रामचंद्रराव देशमुख आदी विश्वासू मंडळींनी त्याला घेऊन जंगलाची वाट धरली. दामोदररावांच्या नावे जे आत्मवृत्त य. न. केळकर यांनी प्रसिद्ध केले, त्यात या दिवसांची हकीकत आहे. इंग्रजांच्या धाकाने गावकरी आसरा देईनात. पावसाळा उघड्यावर काढावा लागला. बरोबरची माणसे हळूहळू कमी होत गेली. मुलगा आजारी पडला. जवळचे द्रव्य संपले, तेव्हा आईची आठवण म्हणून राहिलेली सोन्याची कडीही विकावी लागली. सुमारे दोन वर्षे अशी गेली. अखेर झालरापाटणच्या बाजूने मध्यस्थी होऊन तो इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि ५ मे १८६० रोजी इंदुरात पोहोचला.

इंदुरात त्याला वर्षाला दहा हजार रुपये वेतन बांधून देण्यात आले, थोडीच माणसे जवळ ठेवण्याची मुभा मिळाली, आणि मुन्शी धर्मनारायण या काश्मिरी गृहस्थांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. त्याच्या नावे सरकारात असलेले सहा लाख रुपये मात्र त्याला कधीच परत मिळाले नाहीत. आईच्या बंडामुळे मुलाची ठेव बुडाली. याच सुमारास कॅनिंग यांनी खालसाचे धोरण सोडून दिले, आणि १८६२ साली संस्थानिकांना दत्तकाचा हक्क मान्य करणाऱ्या सनदा दिल्या. ज्या हक्कासाठी झाशी जळाली तो हक्क आठ वर्षांनी ज्याला त्याला टपालाने मिळाला. बारा-तेरा वर्षांचा दामोदर तेव्हा इंदुरात धडे गिरवीत होता. झाशीचा किल्ला पुढे शिंद्यांकडे गेला आणि १८८६ साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात पुन्हा इंग्रजांकडे आला. त्या अदलाबदलीत दामोदररावांचे नाव कोणी घेतले नाही.

त्यांचे लग्न झाले, पहिली पत्नी अल्पावधीत वारली, दुसरा विवाह झाला, आणि १८७९ साली लक्ष्मणराव हा पुत्र जन्मला. तीन राजांच्या कारकीर्दींनंतर या घरात बापाला आपला औरस मुलगा वाढताना पाहावयास मिळाला. रामचंद्ररावांना, रघुनाथरावांना आणि गंगाधररावांना ते भाग्य लाभले नव्हते. सरकारदरबारी दाद मागण्याचे त्यांचे प्रयत्न चालूच होते. २० ऑगस्ट १८८९ रोजी त्यांना आग्र्याहून एक पत्र आले. लिहिणारे मार्टिन हे १८५७ साली झाशीतून निसटलेले इंग्रज गृहस्थ होते. दत्तविधानास हजर असलेले कॅप्टन मार्टिन ते हे नव्हेत. आडनाव तेवढे एक. आपल्या आईवर मोठा अन्याय झाला, जोखनबागेच्या कत्तलीत तिचा हात नव्हता, उलट किल्ल्यात कोंडलेल्या इंग्रजांना तिने मदतच केली होती, अशा आशयाचा तो मजकूर होता. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी १८९४ साली राणीचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले, त्यात त्या पत्राचा उपयोग केला. इंग्रजांच्या कागदांवरून झालेल्या निवाड्याला एका इंग्रजाच्याच साक्षीने छेद दिला, आणि तो आला पुत्राच्या पत्त्यावर, गंगाधरराव-लक्ष्मीबाईंचा मुलगा म्हणून.

२८ मे १९०६ रोजी दामोदररावांचे इंदुरात निधन झाले. त्यांच्या मागे लक्ष्मणराव इंदुरातच राहिले आणि १९५९ साली वारले. म्हणजे बंडाची शताब्दी त्यांनी पाहिली. घराण्याचे आडनाव तोवर बदलले होते. कोकणातून निघालेले नेवाळकर झाशीत असेपर्यंत नेवाळकरच होते. झाशी सुटल्यावर इंदुरात लोक त्यांना झाशीवाले म्हणू लागले, आणि तेच नाव त्यांच्या वंशजांनी पुढे चालविले.